हंसपदी : फुलाविना, फळाविना, बीजाविना

चरकसंहितेतील औद्भिद द्रव्यांचे चार प्रकार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत : वनस्पती, वानस्पत्य, ओषधी आणि वीरुध. यांतील पहिल्या तिघांची ओळख फुलाफळांवरून होते. परंतु कण्ठ्य महाकषायातील दहा द्रव्यांत स्थान मिळालेल्या हंसपदीला फूल नाही, फळ नाही आणि बीजही नाही. ती नेचा वर्गातील वनस्पती आहे. मग तिचा वंश चालतो कसा, आणि फुलाफळांच्या अभावी तिची परीक्षा करावी कशी? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या पानाच्या कडेला दडलेली आहेत.

रचना

नेच्यांना मुळे, खोड आणि पाने असतात. पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्याही असतात. खोड बहुधा जमिनीलगत किंवा जमिनीखाली राहते व आपणांस दिसतो तो केवळ पानांचा झुबका. कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते व हळूहळू उलगडते. हंसपदी म्हणजे ॲडिअँटम ल्युनुलॅटम. ॲडिअँटम फिलिपेन्स हेही तिचेच नाव. घोडखुरी या मराठी नावाप्रमाणे तिच्या पर्णिका खुरासारख्या अर्धचंद्राकृती असतात. पावसाळ्यात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ओल्या दरडींवर व कातळांच्या फटींत ती उगवते. पावसाळा सरला की पाने वाळतात.

प्रजनन

पर्णिकेची कड खाली दुमडलेली असते. त्या दुमडीच्या आतल्या अंगास बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंज असतात. पिशवीभोवती जाड पेशींचे एक कडे असते. त्यातील पाणी सुकू लागले की कडे ताणले जाऊन पिशवी फाटते, आणि ताण सुटताच गोफणीसारखे बीजाणू दूर फेकले जातात.

बीजाणूतून थेट हंसपदी उगवत नाही. उगवतो तो नखाहूनही लहान, हृदयाकृती हिरवा पापुद्रा, ज्यास प्रोथॅलस म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूस पुंबीजे व स्त्रीबीज तयार होतात. पुंबीजांना पाण्याच्या पातळ थरातून पोहतच स्त्रीबीजापर्यंत जावे लागते. मॅलिक आम्ल त्यांना वाट दाखवते, हे फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवून दिले. संयोग झाल्यावर त्या पापुद्र्यावरच नवा नेचा जन्मतो. या दोन पिढ्यांच्या आलटून-पालटून येण्याचा उलगडा होफमायस्टर यांनी १८५१ मध्ये केला. सारांश, त्या काही दिवसांत जमीन ओली राहिली नाही तर पुढची पिढीच नाही.

उत्क्रांती

वाहिन्या असलेल्या वनस्पती भूमीवर अवतरल्या त्यास सुमारे ४२ कोटी वर्षे झाली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत लेपिडोडेंड्रॉनसारखे बीजहीन वृक्ष ३० मीटरपर्यंत वाढत. युरोप-अमेरिकेतील पुष्कळसा दगडी कोळसा त्यांचाच. आपल्या चंद्रपूरचा कोळसा मात्र त्यानंतरचा असून मुख्यतः ग्लॉसॉप्टेरिस या बीजधारी वृक्षांपासून झाला. बीजाने गर्भाधानाला पाण्याच्या थराच्या बंधनातून सोडवले, हे त्या पालटामागील एक मोठे कारण. संजीवनी म्हणून विकली जाणारी सेलॅजिनेला ही नेचा नसून लेपिडोडेंड्रॉनच्या गोत्रातील आहे. तिचे बीजाणू लहान व मोठे असे दोन प्रकारचे असतात. अन्य कुळांत अशाच भेदातून पुढे बीज घडले.

व्यवहारातील उपयोग

हंसराज या एकाच व्यापारी नावाखाली ॲडिअँटमच्या एकाहून अधिक जाती विकल्या जातात. त्यांतील ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस हे युनानीतील परसियावशान होय. त्याचे पान दोनदा विभागलेले व पर्णिका पंख्यासारख्या असतात. हंसपदीचे पान एकदाच विभागलेले, देठ काळसर, चकचकीत व गुळगुळीत. पानाचे टोक लांबून जमिनीस टेकले की तेथे मुळे फुटतात. देठ केसाळ आढळल्यास ती निराळी जाती समजावी. चूर्णात यांपैकी काहीच उरत नाही; म्हणून फार्मसी चालकांनी हे द्रव्य अखंड पानांसह घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. शंका असल्यास मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहेच. ज्या फादर ब्लॅटर यांचे नाव त्यास लाभले, त्यांनीच द'आल्मेडा यांच्यासह १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ग्रंथ लिहिला.

दुसरी गोष्ट संग्रहकालाची. कडेचे पुंज तपकिरी होण्यापूर्वी झुबका समूळ उपटला, तर बीजाणूही गेले आणि खोडही गेले. पुढील वर्षी त्या फटीत काही उगवण्याची आशा उरत नाही. पाने हवी असल्यास बीजाणू गळल्यावर कापावीत; मूळ हवे असल्यास झुबक्याचा काही भाग राखावा. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हे पुरवठादारासही बजावावे.

लागवड अवघड नाही. पिकलेले पान कागदात ठेवून बीजाणू झडू द्यावेत, ते ओल्या विटेवर शिंपडावेत व वर काचेचे झाकण घालावे. वीट पाण्यात उभी ठेवून सावलीत जपल्यास काही आठवड्यांत हिरवे पापुद्रे दिसू लागतात. औषधालयाच्या गच्चीवर एवढी जागा निघू शकेल. कण्ठ्य वर्गातील हे द्रव्य पुढील पिढीच्या वैद्यांस केवळ ग्रंथातच वाचावे लागू नये, यासाठी एवढे आपल्या हाती निश्चित आहे.