डोंगरातला हिरवा चहा चाखताना

चहा म्हटला की आधण, दूध, साखर आणि आल्याचा तुकडा या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे ओघानेच येतात. तेव्हा जो उकळला की बिघडतो आणि साखर घातली की ज्याची मूळ चवच झाकून जाते, असाही चहा जगात आहे, हे ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. चीनच्या आन्हुई प्रांतातील हुआंगशान, म्हणजे 'पिवळा पर्वत', येथे होणारा 'माओफेंग' हा त्यांपैकी एक. तो चाखावा कसा आणि पारखावा कसा, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

हुआंगशानचे सर्वांत उंच शिखर १८६४ मीटर आहे. चहाचे मळे मात्र शिखरांवर नसून खालच्या उतारांवर आणि दऱ्यांत आहेत. तेथे धुके दाट, ऊन विरळ आणि रात्री गार. अशा हवेत झाड सावकाश वाढते, आणि या सावकाशपणातच चवीचे मूळ आहे. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचे एक द्रव्य तयार होते. ते पानांत चढते, आणि प्रखर उन्हात त्याचे विघटन होऊन तुरटपणा आणणारी द्रव्ये वाढतात. धुक्याच्या आडोशाने हा पालट मंदावतो. म्हणून डोंगरातल्या पानात मृदू गोडी अधिक आणि तुरटपणा कमी राहतो.

खुडणी एप्रिलच्या आरंभास, म्हणजे आपल्याकडे चैत्रपालवी फुटते त्या सुमारास, सुरू होते. उत्तम प्रतीसाठी एक कळी आणि तिच्यालगतचे एकच कोवळे पान घेतात. खुडलेले पान लगेच तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने पानाला काळे करणारे किण्वद्रव्य निकामी होते आणि हिरवेपणा टिकतो. आपल्या काळ्या चहात याच द्रव्याला मुद्दाम वाव दिलेला असतो. झाड दोहोंचे एकच.

ही गोष्ट युरोपीय व्यापाऱ्यांना फार उशिरा पटली. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपे मिळवण्यास निघालेला रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ मध्ये चिनी वेष करून याच आन्हुईच्या मुलखात शिरला होता. त्याने पाठवलेली रोपे पुढे आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी लागली. परदेशी गिऱ्हाइकाला हिरवागार चहा आवडतो, म्हणून तेथील कारखान्यांत पानांना निळा रंग आणि जिप्समची पूड चोळताना त्याने पाहिले. मजुरांचे हात निळे झालेले होते. चिनी लोक स्वतः तो रंगवलेला चहा पीत नसत, हे सांगायला नकोच!

तेव्हा केवळ हिरव्या रंगावर भुलू नये. खरा माओफेंग गडद हिरवा नसतो. त्याची छटा हस्तिदंतासारखी पिवळसर असते. पान किंचित वळलेले, चिमणीच्या जिभेएवढे, आणि त्यावर पांढरी लव. 'माओ' म्हणजे लव आणि 'फेंग' म्हणजे शिखर. उंची मालात कळीच्या बुडाशी एक इवलेसे सोनेरी पानही दिसते.

चव पारखणारे तज्ज्ञ तीन ग्रॅम चहावर दीडशे मिलिलिटर उकळते पाणी ओततात आणि चार मिनिटे थांबतात. हेतू हा की, काही दोष असेल तर तो उघडा पडावा. आपल्याला परीक्षक व्हायचे नसून चहा प्यायचा आहे. म्हणून पाणी उकळून खाली उतरवावे, थोडे निवू द्यावे, आणि सुमारे ऐंशी अंशांवर आले की पानांवर ओतावे. दोन मिनिटे पुरतात. प्रथम वास घ्यावा. त्यात फुलाचा मंद दरवळ असतो. करपट वास आला तर कढई जास्त तापली होती असे समजावे. मग घोट भुरका मारून घ्यावा. आपल्या घरांत भुरक्याला असभ्य मानतात, पण हवेबरोबर वास नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो, आणि चवीचा मोठा भाग त्या वासातच असतो.

घोट गिळल्यावर लगेच दुसरा घेऊ नये. आवळा खाऊन पाणी प्याले म्हणजे जी गोडी जिभेवर उमटते, तशीच काहीशी गोडी येथे घशाकडून परत येते. चिनी भाषेत तिला 'हुइगान', परतणारी गोडी, असे नाव आहे. सपाटीवरचा भरड चहाही पहिल्या घोटाला गोड लागू शकतो. परंतु त्याचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो आणि ही गोडी उमटत नाही. माझ्या मते सगळ्या कसोट्यांत हीच विश्वासाची.

त्याच पानांवर आणखी दोन वेळा पाणी घालता येते. दुसरा काढा बहुधा पहिल्याहून भरदार उतरतो, तिसरा सौम्य. शेवटी ओली पाने पांढऱ्या बशीत पसरून पाहावीत. कळी आणि पान देठाला धरून अखंड उमललेले असेल, तर खुडणी हाताने आणि निगुतीने झाली आहे. फाटके तुकडे, जाड देठ किंवा करपल्याचे ठिपके दिसले, तर डब्यावर कोणत्याही पर्वताचे नाव असो, पुढच्या खेपेस दुकान बदलावे. डबा मात्र हवाबंद ठेवून काही महिन्यांत संपवावा. वसंतातला हा वास वर्षभर टिकत नाही.