अर्ध्या सुराचा हिशेब

खेळ सुटल्यावर तंबूच्या मागच्या अंगाला सहसा कुणी फिरकत नाही. तिथं ट्रक उभा असतो, डिझेलचे ड्रम असतात, धूर असतो आणि इंजिनाच्या आवाजापुढे माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, एक म्हातारे गृहस्थ कनातीला वळसा घालून थेट आमच्या ट्रकपाशी आले. अंगावर घोंगडी, हातात कंदील. जवळच्याच गावात भजनी मंडळाला पेटीची साथ करायचे. मला म्हणाले, "पोरा, तुमचं गाणं आज उतरलंय रं. रेडिओवर काळी दोनला लागतंय, तुमच्याकडं पांढरी दोनला वाजलं."

मी तेव्हा वीस वर्षांचा, टूरिंग टॉकीजच्या इंजिनावर वस्तादांच्या हाताखाली. मला वाटलं, म्हातारबुवांना थंडी बाधली असावी. सिनेमाचं गाणं उतरेल कसं? ते रिळावर छापलेलं असतं. पण वस्ताद गप्प झाले. हातातलं फडकं खाली ठेवून ते पॅनेलपाशी गेले.

आमचं इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं. त्याला जोडलेला अल्टरनेटर चार पोलांचा, म्हणजे १५०० फेरे बरोबर असतील तर वीज ५० सायकलची निघणार. प्रोजेक्टरची मोटर त्या सायकलवर चालते. ५० सायकल असेल तर फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी सरकते, मिनिटाला ९० फूट. इंजिन मंदावलं की सायकल घटते, सायकल घटली की मोटर मंदावते, मोटर मंदावली की फिल्म. ध्वनी त्याच फिल्मच्या कडेला छापलेला, तोही तितकाच खाली येतो. पन्नासाचे सत्तेचाळीस झाले की सहा टक्के घट. पेटीवर एका पट्टीवरून शेजारच्या खालच्या पट्टीवर उतरायला जवळपास तेवढंच अंतर लागतं. काळी दोनवरून पांढरी दोनवर. पेटीमास्तरांनी आमच्या इंजिनाचे फेरे कानानं मोजले होते, तेही नव्वदच्या आसपास फेऱ्यांच्या फरकासकट.

मग आम्हाला का कळलं नाही? वस्ताद तीस वर्षं इंजिनाशेजारी झोपलेले. झोपेत इंजिनाचा सूर बदलला तर उठून बसायचे, हे मी पाहिलेलं आहे. पण तो बदल झटक्यात व्हावा लागतो. इथं गव्हर्नरची स्प्रिंग महिन्याभरात हळूहळू ढिली पडली होती आणि डिझेलचा फिल्टरही कोंदला होता. रोज दोन-तीन फेरे कमी झाले तर कान रोज तेवढाच सरावतो. दुसरं असं की दिव्यांकडे बघून काही कळण्याची सोयच नव्हती. व्होल्टेज पडलं की वस्ताद पॅनेलची मूठ फिरवून काटा पुन्हा २३० वर आणायचे. दिवे लख्ख, पडदा लख्ख. व्होल्टेज मुठीनं वर येतं, फेरे काही येत नाहीत.

पॅनेलवर सायकल दाखवणारा मीटर होता. जुन्या पद्धतीचा, पात्यांचा. एका ओळीत पोलादाच्या बारीक पात्या, ४७ पासून ५३ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या सायकलच्या. जी सायकल असेल तिची पाती थरथरते आणि तिचं पांढरं टोक रुंद पट्ट्यासारखं दिसतं, बाकीच्या स्थिर. सुरेख वस्तू. पण खंडेनवमीला आम्ही इंजिनाची पूजा करायचो तेव्हा हळदकुंकू त्या मीटरच्या काचेवर लागायचं, कारण पॅनेलवर तीच गोल काच डोळ्यांसमोर यायची. वर झेंडूचा हार. हार सुकायचा, कुंकू तेलकट काजळीत मुरायचं आणि देवाला लावलेलं पुसायचं कसं, म्हणून कुणी पुसत नसे. त्या रात्री वस्तादांनी अंगठ्यानं कुंकू पुसलं. सर्वांत डावीकडची, सत्तेचाळीसची पाती थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट उलगडली. आठवडाभर मालक ऑपरेटरवर चिडलेले होते: खेळ उशिरा सुटतात, पुढच्या खेळाची गर्दी दारात ताटकळते, डोअरकीपरला शिव्या बसतात. ऑपरेटर शपथेवर सांगत होता की मी रीळ चढवायला मिनिटही जास्त घेत नाही. तो खरं बोलत होता. तीन तासांचा सिनेमा ४७ सायकलवर तीन तास अकरा मिनिटं चालतो. दिवसाला सहा खेळ धरले तर तासाभराहून जास्त वेळ जातो. एका ढिल्या स्प्रिंगपायी एका सज्जन माणसाला आठ दिवस बोल खावे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

फेऱ्यांचा धडा असा मिळाला. तासांचा धडा त्याच हंगामात, पण फार महागात.

ऑइल बदलायचा आमचा हिशेब गावांवर होता. आठ गावं झाली की ऑइल बदलायचं. मालकांच्या वडिलांपासून चालत आलेला नेम, आणि चैत्रातल्या छोट्या जत्रांपुरता तो ठीकही होता. एका रात्रीचं गाव, दोन खेळ, तंबूचे दिवे धरून इंजिन सात तास चालणार. आठ गावांचे छप्पन तास. इंजिनाच्या पुस्तकात २५० तास लिहिलेले, म्हणजे आम्ही उलट लवकरच बदलत होतो. पण पुसेगाव हेही त्या हिशेबात एकच गाव! तिथं सकाळी नऊला पहिला खेळ लागायचा आणि शेवटचा पहाटे सुटायचा. रोजचे एकोणीस तास, आठ दिवस. एका गावात दीडशे तास. पुढे पौषात खंडोबाची पाली, मग मांढरदेवी, अशा मोठ्या यात्रा लागोपाठ आल्या. वहीत गावं पाच भरली आणि इंजिन साडेचारशे तास त्याच ऑइलवर चाललं होतं.

पालीच्या पुढच्या मुक्कामी, दुसऱ्या खेळाच्या मध्यंतरानंतर, इंजिनातून आवाज यायला लागला. ठणठणीत नव्हे, जाड. बंद दारावर कुणी मुठीनं मारावं तसा. लोड आला की जोरात, लोड गेला की मंद. वस्तादांनी ट्रकच्या फळीवर हात ठेवला आणि हातानंच ओळखलं: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं, पडदा काळा झाला आणि हजारभर माणसं अंधारात ओरडायला लागली. तिकिटांचे पैसे परत केले. सकाळी ऑइल काढलं तेव्हा ते डांबरासारखं, बोटांत धरलं तर खरखरीत. तळाशी पांढऱ्या धातूचा चुरा, बेअरिंगचं अस्तर सुटून आलेला. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला साताऱ्याला गेला. हंगामातले बारा दिवस तंबू गुंडाळून पडला होता, आणि पस्तीस माणसांचं जेवण रोज शिजत होतं.

मालकांनी त्यानंतर आवर मीटर बसवला. आगपेटीहून थोडा मोठा, काळा डबा, छोट्या खिडकीत आकड्यांची चाकं. तो २३० व्होल्टवर चालायचा. पोटात विजेच्या घड्याळासारखी बारकी मोटर. मला वाटलं, सुटलो. पण वस्तादांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "ही मोटर कशावर चालते?" सायकलवरच. म्हणजे इंजिन ४७ वर चाललं तर खऱ्या तासाला हा मीटर साडेछप्पन मिनिटंच मोजणार. फेरे बरोबर असतील तरच तास बरोबर. त्या दिवसापासून वहीत दोन रकाने आले. संध्याकाळी इंजिन चालू केल्यावर पात्यांच्या मीटरवरची सायकल, पहाटे बंद करताना आवर मीटरचा आकडा. वस्तादांना लिहिता येत नव्हतं. ते आकडा मोठ्यानं वाचायचे, मी लिहायचो.

(ट्रॅक्टरचे जुने मीटरही असेच. गिअरनं फिरणारा मीटर ठरावीक फेऱ्यांवरच खरा तास मोजतो. इंजिन मंद चालवलं तर घड्याळाच्या मागे पडतो. जुना ट्रॅक्टर घेताना हे लक्षात ठेवावं.)

पुढे तंबू सुटला आणि मी भाड्यानं जनरेटर द्यायला लागलो. भारनियमनाची ती वर्षं होती. गावाकडं दिवसाचे अनेक तास वीज नसायची आणि लग्न, सप्ताह, दुकान, सगळ्यांनाच छोटा पेट्रोल सेट हवा असायचा. ही इंजिनं वेगळ्या जातीची. एकच सिलिंडर, १६० सीसीच्या आसपास, दोन पोलांचा अल्टरनेटर, म्हणून ५० सायकलला ३००० फेरे. ऑइल जेमतेम सहाशे मिली, आणि बहुतेकांत ऑइलचा फिल्टरच नाही. जी घाण होते ती त्याच सहाशे मिलीत फिरत राहते. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल वीस तासांनी काढावं लागतं. ते एकदा पांढऱ्या थाळीत काढून उन्हात धरा: बुक्क्यात अभ्रक मिसळावं तशी चमकी दिसते. नवे भाग एकमेकांवर घासून बसताना सुटलेला तो धातू. वीस तास म्हणजे सप्ताहातले तीन दिवस. गिऱ्हाईक "नवाच तर आहे" म्हणून सहा महिने बघत नाही. त्यानंतर शंभर तासांनी ऑइल, आणि एअर फिल्टर पन्नासांनी. जत्रेच्या फुफाट्यात मात्र आम्ही फिल्टर दहा तासांना झटकतो.

या इंजिनांना आता जो मीटर मिळतो तो तास आणि फेरे दोन्ही दाखवतो. जोडणी सोपी आहे. मीटरची वायर स्पार्क प्लगच्या केबलला चार-पाच वेढे देऊन बांधायची, सायलेन्सरला लागू द्यायची नाही. प्रत्येक ठिणगीला वायरीत धक्का बसतो, मीटर ते धक्के मोजतो. इंजिन चालू असेल तर फेरे, बंद केलं की तास. डिझेलला तो चालत नाही, तिथं ठिणगीच नसते. मी आधी थरथरीवर चालणारा स्वस्तातला मीटर आणला होता. नारायणगाव ते जुन्नर टेम्पोत इंजिन बंद होतं आणि मीटर तास मोजत आला. तो काढून टाकला.

ठिणगीच्या मीटरनंही एकदा घोळ केलाच. माझ्याकडचा एक हुशार पोरगा, त्यानं स्वतः मीटर बसवला आणि आकडा आला ६२००. घाबरून त्यानं गव्हर्नरचा स्क्रू ढिला केला. त्यावर ट्युबा फडफडायला लागल्या, पंखे रेंगाळले, सप्ताहाच्या मंडपात अ‍ॅम्प्लिफायर घोंघावायला लागला. त्याची चूक मोटरसायकलच्या माहितीतून आली होती. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणून त्यानं मीटरला सांगितलं की ठिणगी दोन फेऱ्यांत एक. पण या छोट्या इंजिनात फ्लायव्हीलवरचं चुंबक दर फेऱ्याला कॉइलसमोरून जातं, म्हणून ठिणगी दर फेऱ्याला पडते. निम्म्या ठिणग्या बाहेर निघालेल्या धुरात वाया जातात, तरी मीटरच्या लेखी त्या ठिणग्याच. इंजिन ३१०० वर बरोबर चाललं होतं. रिकाम्या सेटला ३१०० ते ३१५० हवेतच, कारण लोड पडल्यावर ते ३००० ला बसतात.

याच पोरानं पुढे मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाहून ३६०० लावायचा हट्ट धरला. तिकडं वीज ६० सायकलची, त्यांना ३६०० बरोबर. आपल्याकडं त्यानं पंखे आणि मोटरी पळतात, व्होल्टेज चढतं, दिवे जातात. मी त्याला पेटीमास्तरांची गोष्ट सांगितली. ती त्याला पटली, पण त्यानं विचारलं की आता सूर कोण ओळखणार?

त्याचं खरं आहे. तंबूंत डिजिटल प्रोजेक्टर आले. त्यातल्या गाण्याचा वेग यंत्रातल्या घड्याळावर ठरतो, आमच्या सायकलवर नाही. इंजिन ४७ वर रेंगाळलं तरी गाणं काळी दोनलाच लागतं. घोंगडी पांघरून मागच्या अंगाला येणाऱ्या माणसाला आता सांगण्यासारखं काही ऐकूच येणार नाही.

गेल्या चैत्रात एका जत्रेला आमचा छोटा सेट तमाशाच्या मागं लावला होता. फडाचं मोठं डिझेल इंजिन रंगमंचाला, आमचं मेकअपच्या राहुटीला आणि स्वयंपाकाला. वग रंगात आलेला, टाळ्या-शिट्ट्यांचा आवाज कनातीतून येत होता. पोरानं पेट्रोल भरायला सेट थांबवला, टाकी निवू दिली आणि बॅटरी मारून आकडा वाचला: ९६.४. "काका, आत्ताच बदलू का?" म्हणाला. राहुटीत दोघीजणी पुढच्या प्रवेशासाठी नऊवारी नेसत होत्या, एका बल्बवर. मी म्हटलं, राहू दे, वग संपू दे.

वग उजाडताना संपला. ऑइल गरम असतानाच काढावं लागतं, गार झाल्यावर गाळ तळाला चिकटून राहतो. सेट बंद करून पोरानं तो विटेवर तिरका टेकवला, नट सोडला आणि काळी धार डब्यात पडायला लागली. तेवढ्यात त्यानं खिशातली वही काढली, मीटर वाचला आणि मोठ्यानं म्हणाला, "शंभर पॉइंट नऊ." मी लिहून घेतलं.