पावसाच्या पाण्याची पट्टी आणि तींतील सूट

(नभोवाणीवरील भाषण)



ठाणें, कल्याण अगर डोंबिवली येथील एखाद्या गृहस्थास "आपण पावसाचें पाणी वाहून नेण्याबद्दल वर्षाकांठीं किती पट्टी भरतां?" असें विचारलें, तर तो हंसल्यावांचून राहणार नाहीं. पाऊस फुकट पडतो आणि पाणी उताराकडे आपोआप जातें. त्याचे पैसे कसले? परंतु श्रावणांत आपल्या जिन्याच्या पहिल्या पायरीला पाणी लागलें म्हणजे तोच गृहस्थ नाला कोणी साफ केला नाहीं म्हणून महापालिकेच्या नांवानें खडे फोडतो. नाला साफ करण्याचे पैसे त्यानें दिलेले असतात. मात्र कोठें दिले हें त्यास ठाऊक नसतें, आणि ठाऊक नसल्यामुळें ज्यांत सूट मागण्याचा हक्क आहे ती सूटही तो मागत नाहीं. आजचें भाषण त्याविषयीं आहे.

आपल्या भागांत हें पाणी सहज वाहून जाणारें नव्हे. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे नाले सबंध ठाणें शहर ओलांडून खाडीस मिळतात. मुसळधार पाऊस आणि भरती यांची गांठ पडली कीं नाल्याचें तोंडच बंद होतें. कल्याणास एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे वालधुनी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उल्हासेच्या पुरानें कल्याण-बदलापूर भागांत काय केलें तें अनेकांच्या स्मरणांत असेल. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस भर पाण्यांत अडकून पडली, तेंही ह्याच नदीचें पाणी.

कांहीं परदेशी शहरांत ह्या कामाचा निराळा आकार घेतात. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें निवासाखेरीज इतर मिळकतींवर सन २०१० पासून छपरानें व फरसबंदीनें किती जमीन झांकली आहे तें मोजून आकार ठरूं लागला; जो मालक पाणी आपल्याच आवारांत मुरवितो त्यास अर्ज केल्यावर सूट मिळते. आपल्याकडील १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमांत मालमत्ताकरांची जी यादी आहे तींत पाण्याचा कर आहे, मलप्रवाहाचा आहे, सर्वसाधारण कर आहे. पर्जन्यजलाचा म्हणून वेगळा कर नाहीं. गटारें, नाले व त्यांची सफाई यांचा खर्च महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरींतून होतो, आणि त्या तिजोरींत आपली घरपट्टी जाते. ही घरपट्टी आपल्याकडे घराच्या करयोग्य मूल्यावर बसते. म्हणजे घर भाड्यानें दिलें तर वर्षास जें भाडें येईल त्यांतून दुरुस्तीबद्दल दहावा भाग वजा करून राहील त्यावर. अंगण फरसबंद आहे कीं मातीचें, हें त्या हिशेबांत कोणी पाहत नाहीं. हा हिशेब मला न्याय्य वाटत नाहीं. पण आज आहे तो असा आहे, आणि सूट मागावयाची ती ह्याच बिलांत.

आतां सूट कोणास? सार्वजनिक पूजास्थानें व केवळ धर्मादाय कार्यास वाहिलेल्या इमारती यांस सर्वसाधारण कर लागत नाहीं. त्यांविषयीं अधिक बोलत नाहीं. घरगुती श्रोत्यांच्या उपयोगाच्या बाबी पुढील आहेत. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांस राज्यशासनानें सन २०२० मध्यें मालमत्ताकराची माफी दिली. ती स्वतःच्या वापरांतील एकाच घरापुरती असते व तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचें प्रमाणपत्र लागतें. घर कुलूपबंद राहिलें असेल तर करांत सूट मागतां येते; परंतु घर रिकामें असल्याची लेखी सूचना आधीं दिली पाहिजे. सूचना पोंचण्यापूर्वीच्या दिवसांचा परतावा मिळत नाहीं. मुलाकडे परगांवीं वर्षभर राहून आल्यावर अर्ज करणारे वृद्ध दांपत्य येथेंच फसतें.

तिसरी बाब प्रत्यक्ष पावसाच्या पाण्याची. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणें ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पाणी साठविण्याची अगर मुरविण्याची योजना सक्तीची आहे. ती न केल्यास अगर नीट न राखल्यास दर १०० चौरस मीटर बांधकामामागें वर्षास १,००० रुपयांपर्यंत आकार बसूं शकतो. उलट, अशी योजना चालू ठेवणाऱ्यास अनेक महापालिका घरपट्टींत सूट देतात. टक्केवारी महापालिकेच्या ठरावानें ठरते व बदलतेही. म्हणून शेजारच्या इमारतीच्या गतसालच्या बिलावरून अंदाज बांधूं नये.

माझ्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेनें वर्गणी काढून गच्चीचें पाणी विहिरींत सोडलें. काम चोख झालें, विहिरीला पाणीही वाढलें. सूट आपोआप मिळेल अशा समजुतीनें कार्यवाह तीन वर्षें स्वस्थ बसले. कचेरींत गेले तेव्हां प्रश्न आला, "अर्ज कोठें आहे? पाहणी कधीं झाली?" अर्जच नव्हता. चौथ्या वर्षापासून सूट मिळाली. मागील तीन वर्षांची गेली ती गेलीच. त्या संस्थेंत निवृत्तिवेतनावर दिवस काढणारीं चार कुटुंबें आहेत, आणि वार्षिक सभेंत कार्यवाहांना त्यांच्याकडे पाहवेना.

माफी जाहीर झाली म्हणजे बिल शून्य झालें असें समजूं नये. मुंबईचा कायदा निराळा आहे, पण तेथील उदाहरण बोलकें आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस सन २०१९ मध्यें जी माफी मिळाली ती केवळ सर्वसाधारण करापुरती होती. बाकीचे कर बिलांत येतच राहिले, आणि लोक चकित झाले. संपूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून झाली. यासाठीं बिल हातीं आलें कीं बेरीज पाहण्यापूर्वीं त्यांतील एकेक कलम वाचावें. शिक्षणकर हा तर राज्याचा. महापालिका तो केवळ वसूल करते.

करयोग्य मूल्यच अधिक धरलें असेल, तर नोटिशींत दिलेल्या मुदतींत आयुक्तांकडे लेखी हरकत घ्यावी. तेथें समाधान न झाल्यास न्यायाधीशाकडे अपील आहे. पण त्यास मुदत पंधराच दिवसांची, आधीं हरकत घेतलेली असली पाहिजे आणि मागणीची रक्कम जमा केलेली असली पाहिजे. रागानें बिल न भरणें हा मार्ग नव्हे. थकलेल्या रकमेवर दरमहा शेकडा २ प्रमाणें शास्ती चढते, म्हणजे वर्षास २४. अर्ज पडून आहे ही सबब तीस थांबवीत नाहीं.

करमाफी, रिकाम्या घराची सूट आणि हरकत नोंदविणें ह्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालीं अधिसूचित झालेल्या आहेत. तेव्हां अर्ज देतांना पोंच घ्यावी, आणि तींत निर्णयाची मुदत लिहिलेली आहे ना हें खिडकीवरच पाहावें. मुदत टळली तर त्याच कचेरींतील वरिष्ठांकडे प्रथम अपील करतां येतें, त्यानंतर दुसरें, आणि शेवटीं सेवा हक्क आयोगाकडे. घरपट्टीच्या सहामाह्या १ एप्रिल व १ ऑक्टोबर रोजीं सुरू होतात. अर्ज त्यापूर्वीं पोंचलेला बरा.