अंगांतील गाठी व मर्दन

भातलावणीच्या दिवसांत चिखलांत वांकून राहणाऱ्या व सुगींत पोतीं वाहणाऱ्या आमच्या शेतकरी बंधुभगिनींच्या मानेखालीं, खवाट्याजवळ अगर कमरेंत ताणलेल्या स्नायूंत बारीक कठीण गाठ हातास लागते. ती दाबली असतां कळ दूरवर जाते. अशा कळांच्या वाटा अमेरिकेंतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल व डॉ. डेव्हिड सायमन्स यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत आकृत्यांसह दाखविल्या आहेत.

गाठ फोडण्याकरितां पाठीवर पाय देवविण्याची चाल खेड्यांतून आम्हीं पाहिली आहे, ती सोडावी. प्रथम कोमट शेक द्यावा. मग आंगठ्यानें सोसेल इतकाच दाब हळूहळू द्यावा, अर्धा मिनिटपर्यंत धरावा, व कळ उतरतांच सोडावा. नंतर तो स्नायु सावकाश ताणावा. कामांत मधून मधून पाठ सरळ न केल्यास मात्र गाठ पुन्हां धरते.

परंतु प्रत्येक दुखणें गाठीचेंच असतें असें नाहीं. एकच पोटरी सुजून ऊन लागत असेल तर शिरेंत रक्त गोठल्याचा संभव असतो. तेथें चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसांत जाण्याचें व प्राणावर बेतण्याचें भय आहे. खांद्याच्या कळेबरोबर छातींत दाब वाटून घाम फुटल्यास तेल शोधीत न बसतां तडक दवाखाना गांठावा. हातापायांत बधिरपणा आल्यास अगर दुखण्याबरोबर ताप असल्यासही डॉक्टरांस दाखवावें. मजुरी बुडेल म्हणून दुखणें अंगावर काढणाऱ्यांनीं हा भेद अवश्य ध्यानांत ठेवावा, अशी आमची विनंती आहे.