लिहिण्याचा पडदा आणि दिसणारं पान
वाशिम जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर निविदेपुढे शीर्षक, वर्णन, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, फाइल असे रकाने दिसतात. त्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवी या तीर्थस्थळाच्या माहितीला मात्र छायाचित्रं हवीत. तिथे शेवटची तारीख काय कामाची? म्हणून कंटेंट टाइपनुसार (मजकुराच्या प्रकारानुसार) एडिटरची (मजकूर भरण्याच्या पडद्याची) मूळ मांडणी वेगवेगळी ठेवता येते. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज वेगळा आणि रेशनकार्डाचा वेगळा, तसंच हे.

ही मांडणी बदलली की संकेतस्थळाचं रूपच पालटतं, हा समज सर्रास आढळतो. पण ते रूप थीम (पानाची रचना आणि सजावट) ठरवते. वर्डप्रेसमध्ये (संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत) एखाद्या प्रकाराला एडिटरचा ठरावीक साचा दिला, तरी तो फक्त नव्या नोंदींना लागतो. जुन्या नोंदी तशाच राहतात, आणि ते बरंच आहे. पडद्यावरचा रकाना लपवला, तरी त्यात आधी भरलेली माहिती पुसली जात नाही.