भाव वाचणारा कोड

जळगाव-धुळ्यासह देशभरातल्या बाजार समित्यांचे भाव 'अ‍ॅगमार्कनेट' या पोर्टलवर नोंदले जातात आणि केंद्र सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरून जेसन (JSON) या मजकूर-स्वरूपातही मिळतात. जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, किमान-कमाल भाव अशा प्रत्येक माहितीला तिचा कप्पा असतो.

ही माहिती स्वल्पविरामावर तोडून वाचायचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा. वाणाच्या नावातच स्वल्पविराम आला की पुढचे सगळे कप्पे सरकतात. पायथॉनमध्ये 2008 पासून सोबतच येणारी जेसन लायब्ररी अवतरणचिन्हं, कंस नीट ओळखते आणि मजकूर बिघडलेला असेल तर तिथंच थांबून चूक दाखवते.

तरी काही गोष्टी प्रोग्रॅमरनंच बघायच्या. भाव अवतरणचिन्हांत आला असेल, तर लायब्ररी त्याला मजकूर समजते; मग तुलनेत 950 हा 1250 पेक्षा मोठा ठरतो, कारण 9 हा 1 च्या पुढे. कापसाच्या भावात अशी गफलत परवडणारी नाही. आकड्यात रूपांतर आधी करावं.

माहिती लिहितानाही खाचखळगा आहे. 'जळगाव' लिहिलं, की हीच लायब्ररी मूळ सेटिंगनुसार अक्षरांऐवजी पाच सांकेतिक क्रमांक छापते. 'एन्शुअर आस्की' (ensure_ascii) हे सेटिंग बंद केलं, की फाइलमध्ये सरळ देवनागरी उमटते.