धडक आणि हेतू : पत्रकाराच्या अपघाती मृत्यूभोवतीचा संशय

वाहनाच्या धडकेने झालेला मृत्यू अपघात होता की घातपात, हे मृतदेहावरील जखमांवरून क्वचितच ठरते, कारण निष्काळजी चालकाने दिलेली धडक आणि जाणूनबुजून दिलेली धडक यांनी हाडे सारखीच मोडतात. फरक असतो तो चालवणाऱ्याच्या हेतूत, आणि हेतू पंचनाम्यात उतरत नाही. मृत व्यक्ती कोणाच्या तरी हितसंबंधांविरुद्ध लिहिणारी पत्रकार असेल, तर लोक हेतूचा शोध आधी घेतात आणि पुराव्याचा नंतर.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला तो रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरच्या शशिकांत वारिशे यांच्या मृत्यूमुळे. ‘महानगरी टाइम्स’चे वार्ताहर असलेले वारिशे बारसू परिसरातील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी, म्हणजे रिफायनरीविषयी, सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी एका प्रकल्पसमर्थकाविषयीची त्यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी राजापूरजवळ पेट्रोल पंपाच्या परिसरात त्यांच्या दुचाकीला एका चारचाकीने धडक देऊन फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचारांदरम्यान त्यांचा मृत्यू झाला. बातमीत ज्याचा उल्लेख होता, तीच व्यक्ती गाडी चालवत असल्याचा आरोप असल्याने संशयाला कोणाच्या कल्पनाशक्तीची गरज उरली नव्हती. पोलिसांनी प्रथम सदोष मनुष्यवधाशी संबंधित कलमे लावली. राज्यभर पत्रकारांनी निषेध केल्यानंतर भारतीय दंड संहितेचे कलम ३०२, म्हणजे खुनाचे कलम, लावण्यात आले आणि विशेष तपास पथक नेमले गेले.

कलमांतील हा फरक केवळ कागदी नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास त्या वेळच्या कलम ३०४-अ नुसार कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. सदोष मनुष्यवध म्हणजे मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव ठेवून केलेले, पण खुनाच्या व्याख्येत न बसणारे कृत्य, ज्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते. आणि खुनाला जन्मठेप किंवा फाशी. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने क्रमांक बदलले, निष्काळजीपणाची कमाल शिक्षाही वाढली, परंतु ही उतरंड तशीच आहे.) पहिल्याच दिवशी प्रकरण ‘अपघात’ म्हणून नोंदले गेले, तर रस्त्यावरील घसरणीच्या खुणा, सीसीटीव्ही चित्रण आणि फोनचे तपशील खुनाच्या तपासाइतक्या तातडीने जमवले जाण्याची शक्यता कमी होते, आणि घसरणीच्या खुणा तर काळाबरोबर पुसट होत जातात.

संशय नेहमीच खरा ठरतो असे मात्र नाही, आणि हे मराठवाड्यातील उदगीर-लातूर-बीडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा अवघ्या मराठवाड्यात घातपाताची चर्चा झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, तपास करून दुसऱ्या गाडीच्या चालकावर निष्काळजीपणाचे आरोपपत्र दाखल केले. तरीही जानेवारी २०१९ मध्ये लंडनमधील एका कार्यक्रमात सय्यद शुजा नामक व्यक्तीने, कोणताही पुरावा न देता, मुंडे यांची आणि पत्रकार गौरी लंकेश यांचीही हत्या मतदानयंत्रांच्या कथित गैरप्रकाराशी संबंधित कारणांमुळे झाल्याचा दावा केला, आणि विझत आलेली चर्चा पुन्हा पेटली.

अमेरिकेत पत्रकार मायकल हेस्टिंग्ज यांच्याबाबतीत असेच घडले. २०१० मध्ये त्यांच्या लेखामुळे अफगाणिस्तानातील अमेरिकी सेनाप्रमुखाला पद सोडावे लागले होते. १८ जून २०१३ च्या पहाटे लॉस एंजेलिसमध्ये त्यांची भरधाव मोटार झाडावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांना घातपात आढळला नाही, पण गाडीचा संगणक दुरून ताब्यात घेतला गेला असावा असा तर्क पसरला. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी महामार्गावरील जीप दुरून नियंत्रित करून दाखवली आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. असे करता येते हे त्यातून सिद्ध झाले. हेस्टिंग्ज यांच्याबाबत तसे केले गेले, हे मात्र नाही, आणि संशयाच्या चर्चेत नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते.

तालुक्याच्या ठिकाणच्या वार्ताहराला मात्र एवढ्या गुंतागुंतीच्या तंत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील भिंड येथे वाळूमाफियांविरुद्ध बातम्या देणारे संदीप शर्मा मार्च २०१८ मध्ये दुचाकीवरून जात असताना ट्रकखाली सापडून मरण पावले. त्यांनी त्यापूर्वीच पोलिसांकडे संरक्षण मागितले होते. उदगीर असो वा राजापूर, असा वार्ताहर एकटा, दुचाकीवर, रोजच्या ठरावीक रस्त्याने फिरतो आणि ज्यांच्याविरुद्ध लिहितो, त्यांच्याच गावात राहतो. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकार संरक्षण कायदा मंजूर केला; पत्रकारावरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि वरिष्ठ दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याकडून तपास, अशी त्यात तरतूद आहे. मात्र हा कायदा हल्ला झाल्याचे गृहीत धरून पुढे जातो, त्यामुळे ठाण्यात घटनेची पहिली नोंद ‘अपघात’ अशी झाली, तर त्याचा उपयोग व्हायला सुरुवातच होत नाही.